चतुःसीमा

मिळकत पत्रिकेची नक्कल हातात घ्या आणि शनिवार पेठेतल्या त्या वाड्याच्या दिंडीतून डोकं वाकवून आत या. नदी इथून हाकेच्या अंतरावर आहे. पुनर्विकासाच्या करारावर सह्या व्हायच्या बेतात आहेत, निम्मी बिऱ्हाडं उठून गेली आहेत, चौकात जुन्या ट्रंका आणि मोडकी खाट पडली आहे. हा वाडा कुणाकुणाचा होता आणि इथे कोण राहून गेलं, हे तुम्हाला शोधायचं आहे. पत्रिकेवरचे फेरफार खालून वर वाचत चला. तारखा मागे जातील तसे तुम्हीही जाल.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटल्याची बातमी बोळातून ओरडत गेली, तरी खालच्या बिऱ्हाडात अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. मग उंबऱ्यावरून गढूळ पाणी आत येतं आणि जोत्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात. देव्हाऱ्यातले देव पदरात घेऊन एक आजी जिना चढते. तिच्या मागे तुम्ही चढता. दुपारी खडकवासल्याचं धरणही फुटतं. पाणी ओसरतं तेव्हा चौकात गुडघाभर चिखल आहे, मातीच्या भिंतींनी बूड सोडलं आहे आणि माजघरातल्या पेटीतली खरेदीखतं, वाटणीपत्रं, पत्रिका सगळ्यांचा एकच लगदा झाला आहे. 'आमचे कागद पानशेतात गेले' हे उत्तर नदीकाठच्या पेठांत तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळेल. तिथे शोध सोडू नका.

चाळिशीचं दशक झपाट्याने ओलांडा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं, म्हणून तीच बिऱ्हाडं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली आणि मालकाने वाड्याची डागडुजी सोडली. पत्रिकेवर भाडेकरू शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. ते सापडतील घरपट्टीच्या वहीत भोगवटादार म्हणून आणि जुन्या मतदार याद्यांत.

आता १८९७ चा मार्च. शहरात प्लेग आहे. याच महिन्याच्या १० तारखेला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. दिंडीवर बुटांचे आवाज येतात. रँडच्या प्लेग कमिटीने नेमलेले गोरे सोजीर आत शिरतात, स्वयंपाकघरात जातात, देवघरात जातात, फडताळं उघडतात, अंथरुणं बाहेर फेकतात. माणसांना चौकात उभं केलं जातं. ताप असलेल्याला इस्पितळात नेतात, घरच्यांची रवानगी सेग्रिगेशन कॅम्पात होते. तुमच्यासमोर गोधड्यांना आग लागते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधू रँडवर गोळी झाडतील, ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. या वाड्यातून कोण गेलं ते मात्र जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोधावं लागेल. तिथल्या रोगाच्या रकान्यावरून बोट फिरवा.

माडीवरच्या खोलीत दोन-तीन विद्यार्थी कोकणातून शिकायला आलेले आहेत. वार लावून जेवतात, समईच्या उजेडात वाचतात. त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. आणि माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लाल आलवणातली एक बाई आहे. घराण्याचा कुलवृत्तान्त उघडलात तर मुलांच्या शिक्षणाला, नोकऱ्यांना ओळीच्या ओळी मिळतील. हिच्या वाट्याला माहेरचं आडनाव आणि एक ओळ. लग्नात तिचं पहिलं नावही बदललं, त्यामुळे माहेरच्या कागदांशी सांधा जुळत नाही. तिचा खरा पुरावा मिळाला तर वाटणीपत्रात मिळतो: हयातीपर्यंत अमुक खोलीत राहण्याचा हक्क आणि पोटगी. वाड्याचा इतिहास मालकांच्या नावांवर संपवणं हा मला या बाईवर दुसऱ्यांदा झालेला अन्याय वाटतो.

आणखी मागे जायचं तर मोडीचं बोट धरायला हवं. पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. त्यातला एक तुमच्यापुढे उलगडला आहे असं समजा. आधी आडवी रेघ ओढलेली, तिच्याखाली बोरू न उचलता लिहिलेली अक्षरं. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वर्ष लिहिलं आहे: 'इसन्ने समानीन मया व अलफ'. दोन, ऐंशी, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११८२. त्यात ५९९ मिळवा, हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून ते १७८१ च्या मध्यापासून १७८२ च्या मध्यापर्यंत चालतं.

आता तुम्ही त्या वर्षात आहात. सवाई माधवराव जेमतेम आठ वर्षांचे, कारभार नाना फडणवीसांच्या हाती, इंग्रजांशी चाललेलं युद्ध सालबाईच्या तहाने संपत आलेलं. शहरावर घाशीराम कोतवालाची नजर आहे. चौकात नव्या सागवानी खांबांचा वास येतो. पलीकडच्या वाड्यातल्या हौदात कात्रजच्या तलावाचं पाणी भूमिगत नळाने येऊन पडतं आहे.

हा कागद मात्र तुमच्या वाड्याचा नाही, शेजारच्या घराच्या खरेदीचा आहे. मुद्दाम तोच समोर ठेवला. घर किती खणांचं ते आधी लिहिलेलं आहे, मग चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस वैद्यांचं घर आणि पश्चिमेस तुमचा वाडा, त्या वेळच्या मालकाच्या नावानिशी. तुमच्या पेटीचा लगदा झाला तरी शेजाऱ्याच्या कागदात तुमचं घर पश्चिमेची हद्द होऊन शाबूत राहिलं. घराचा शोध घेणाऱ्याने आपल्या मिळकतीइतकेच चारी बाजूंच्या मिळकतींचे कागद मागवावेत, असं मी आग्रहाने सांगतो. जुन्या काळी घराची ओळख शेजारानेच पटवली जाई.

आता चौकात परत या, आजच्या तारखेला. वरच्या मजल्यावरच्या आजी अजून इथेच आहेत. पानशेतच्या दिवशी जिना चढणारी बाई त्यांची सासू होती, आणि आलवणातली बाई त्या सासूची आत्या. तिचं नाव त्यांना ठाऊक आहे. करारावर सही करायच्या आधी त्यांच्याजवळ बसा, त्या बोलतील ते ध्वनिमुद्रित करा, खोल्यांची मापं घ्या, खांब-तुळयांचे फोटो काढा. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, घरातल्या एकाने तरी ती लिपी शिकावी. दप्तरातले कागद पुढच्या वर्षीही सापडतील. आजींकडे मात्र या आठवड्यातच जा.