जखम पाहून

सभासदाच्या बखरीत एक लहानसा मजकूर आहे. आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाला तो मोठमोठ्या लढायांच्या वर्णनांहून अधिक मोलाचा वाटतो. अफजलखान पडला, त्याची फौज मोडली, आणि १६५९ सालच्या त्या विजयानंतर महाराजांनी आपल्या माणसांचा हिशेब केला. जे कामास आले त्यांच्या मुलांना चालविले. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमे वेतन बांधून दिले. जे जखमी झाले त्यांस दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन, माणशी जखम पाहून दिले. ‘जखम पाहून’ हे दोनच शब्द आहेत, पण अपंग सैनिकाच्या पेन्शनचा सारा कायदा त्यांत बसतो. दुखापत किती मोठी ते पाहा आणि त्या मानाने द्या. ती लढाईतच झाली कशावरून, हा प्रश्न जखमी मावळ्याला कोणी विचारला नाही. आणि त्यालाही अर्ज लिहून देणारा शोधीत हिंडावे लागले नाही.

पुढे हा प्रश्न विचारला जाऊ लागला. तो कसा आला, त्याचे उत्तर कोणी कोणी दिले, आणि उत्तर मिळाल्यावरही माणूस तसाच का राहतो, हे आज आम्हाला सांगायचे आहे.

इंग्रजी अमलात पेन्शन हा राजाचा प्रसाद झाला. १८७१ च्या पेन्शन कायद्याने सांगून टाकले की, सरकारने दिलेल्या पेन्शनीसंबंधीचा दावा दिवाणी न्यायालयाने ऐकू नये. गाऱ्हाणे असेल तर ते कलेक्टराकडे किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे न्यावे. ज्याने नाकारले त्याच्याच दारी पुन्हा जावयाचे, असा हा न्याय. जिथे न्यायालयाचेच दार बंद, तिथे वकील तरी काय करणार?

पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसापोटेमियात लढली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कूट-अल-अमारा येथे ती शरण गेली. जे परत आले त्यांत हात-पाय गमावलेले पुष्कळ होते. १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांना धंदे शिकविण्यासाठी क्वीन मेरीच्या नावाची शाळा निघाली. ती पुढे खडकीस गेली. १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले, त्याच्याच परंपरेतून आजची सैनिक कल्याण कार्यालये आली. ही कामे चांगलीच होती. परंतु ती कल्याणाची होती, हक्काची नव्हती. कल्याण करणारा मायाळू असला तर काम होते, नसला तर होत नाही.

याच सुमारास गिरणीत काय घडले तेही पाहावे. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यावी, असे ठरले. आणि त्या कायद्यात आमच्या दृष्टीने एक सोन्याचे कलम होते. कमिशनरपुढे कामगाराच्या वतीने वकील तर उभा राहू शकेच. पण नोंदलेल्या युनियनचा कार्यकर्ताही, कामगाराने लेखी अधिकार दिला तर, उभा राहू शके. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा आम्ही शिकलो तो याच कलमाच्या आधाराने, कमिशनरसाहेबांच्या टेबलासमोर. हा कायदा आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. पण शंभर वर्षे त्याने अडाणी माणसाच्या शेजारी दुसरा माणूस उभा केला.

सैनिकाला ही सोय नाही. सैन्यात युनियन नसते. १९५० च्या लष्करी कायद्याने तो हक्क मर्यादित केला आहे, आणि राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने तशी मुभा दिली आहे. त्याचे कारणही आम्हाला मान्य आहे. तोफेजवळ सभा भरवता येत नाही. परंतु परिणाम काय होतो तो पाहा. कामगार जायबंदी झाला तर फाटकाबाहेर युनियनचा माणूस असतो. सैनिक जायबंदी होऊन फाटकाबाहेर आला की तो एकटा असतो.

परदेशात काय झाले? अमेरिकेने १८६४ साली सैनिकाच्या पेन्शनच्या कामी वकिलाने दहा डॉलरांहून अधिक फी घेऊ नये असे ठरविले. हेतू सैनिकाला लुबाडणुकीतून वाचविण्याचा. पण तोच आकडा सव्वाशे वर्षे, १९८८ पर्यंत, जवळजवळ तसाच राहिला, आणि दहा डॉलरांत काम घेणारा वकील मिळेनासा झाला. इंग्लंडने निराळा मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर, १९४३ साली, तेथे असे ठरले की शाबितीचे ओझे सैनिकावर नसावे, आणि वाजवी शंका राहिली तर तिचा फायदा त्यालाच मिळावा. मूळ प्रश्नाचे हे सरळ उत्तर होते. दुखापत नोकरीमुळे झाली नाही असे म्हणणाऱ्यानेच ते दाखवून द्यावे.

आपल्याकडे १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमांत अट अशी होती: अपंगत्व सैनिकी नोकरीमुळे आलेले किंवा तिच्यामुळे वाढलेले असावे, आणि ते निदान २० टक्के असावे. १९८२ च्या नियमांनी खुलासा केला. भरती होताना माणूस धडधाकट होता असेच धरावे. त्या वेळी कागदावर रोगाची नोंद नसेल तर रोग नोकरीत उद्भवला असे सामान्यतः मानावे. दावेदाराला पुरावा मागू नये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात सांगितले की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नाही, तो हक्क आहे. १८७१ चे भूत त्या दिवशी कागदावर तरी उतरले.

कागदावर म्हणतो, त्याचे कारण सांगतो.

२००३ साली सातपूरच्या एका कारखान्याच्या फाटकावरचे पहारेकरी आमच्या कचेरीत आले. फाटकावर सगळे त्यांना ‘मेजर’ म्हणत. वास्तविक ते तोफखान्यातले साधे गनर. नऊ वर्षे तोफेशेजारी काढली आणि दोन्ही कान गेले. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व ३० टक्के धरले, पण शेरा मारला की याचा नोकरीशी संबंध नाही. १९९३ मध्ये ते घरी आले. पंधरा वर्षे भरली नव्हती म्हणून साधी पेन्शन नाही, आणि शेऱ्यामुळे अपंगत्वाचीही नाही. एका इसमाने ‘वरून करून देतो’ म्हणत दोन हजार रुपये घेतले आणि तो दिसेनासा झाला. पत्र्याच्या पेटीतले कागद आमच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “भाऊ, तुम्ही गिरणीवाल्यांना पैसे मिळवून देता. माझंही बघा.”

आम्ही पाहिले, आणि अर्ज लिहिला. त्यात लिहिले की अर्जदार गरीब आहे, मुले लहान आहेत, तरी सरकारने कृपावंत होऊन दया करावी. सहा महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: नियमात बसत नाही. आम्ही ते त्यांना वाचून दाखविले, मोठ्याने, कारण हळू बोललेले त्यांना ऐकू येत नसे. ते पेटी उचलून गेले. आम्हीही तो विषय सोडला.

२०१३ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांचा निकाल दिला. १९८५ साली सिग्नल दलात भरती झालेला हा जवान, १९९४ मध्ये फेफऱ्याच्या विकाराने बाहेर काढलेला. मंडळाचा शेरा तोच: नोकरीशी संबंध नाही. न्यायालयाने विचारले, भरतीच्या वेळी या रोगाची नोंद आहे काय? नाही. मंडळाने कारणे लिहिली आहेत काय? नाहीत. मग नियमाप्रमाणे रोग नोकरीतलाच. पेन्शन मंजूर झाली. वर्तमानपत्रात हे वाचले त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन मेजर आणि आम्ही एका वृद्ध वकिलांकडे गेलो. त्यांनी आमचा जुना अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “अहो, जन्मभर मालकापुढे हक्क मागितलात, आणि या माणसासाठी भीक मागितलीत? यात एका तरी नियमाचा आकडा आहे का?” नव्हता. १९८२ चे नियम तेव्हा एकवीस वर्षांचे जुने होते. ते उघडून पाहावे हेच आम्हाला सुचले नव्हते.

वकीलसाहेबांनी फी घेतली नाही. माहितीच्या अधिकारात मंडळाचे कागद काढले. २०१४ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज गेला आणि २०१६ मध्ये तहहयात पेन्शन मंजूर झाली. थकबाकी मात्र अर्जाच्या मागच्या तीनच वर्षांची. तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब घालून दिला आहे: दर महिन्याला चालू राहणारा अन्याय उशिरानेही न्यायालयात नेता येतो, पण मागचे तीन वर्षांपलीकडे मिळत नाही. १९९३ ते २०११ ही अठरा वर्षे गेली. त्यांतली निदान अकरा आमच्या त्या दयेच्या अर्जाच्या खात्यावर आहेत, कारण २००३ सालीच उच्च न्यायालयात गेलो असतो तर २००० पासूनचे मिळाले असते. मेजरांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. म्हणूनच तो हिशेब आम्ही स्वतः चारचौघांत मांडतो.

नाशिककरांना या गोष्टीत विशेष भाग आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडलेल्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजी भाषेत वेडसर माणसाला आपल्या देवळालीचेच नाव पडले. आज मनाच्या आजाराने घरी पाठविलेल्या जवानालाच आपला दावा सांगणे सर्वांत कठीण जाते. आपले कागद सांभाळण्याइतकेही भान त्याला नसते. वीरपाल सिंग नावाच्या अशाच एका जवानाच्या प्रकरणात, २०१३ च्याच जुलैत, न्यायालयाने वैद्यकीय मंडळाचा शेरा डोळे मिटून मान्य केला नाही आणि पुन्हा तपासणीचा हुकूम दिला. पण २०१९ मध्ये दुसऱ्या एका जवानाला तशाच आजारात पेन्शन नाकारलीही गेली. तेव्हा प्रत्येक प्रकरणाचे कागद नीट वाचणारा माणूस लागतोच.

तोफखान्याच्या जवानांचे सेवा-कागद आपल्या नाशिक रोडला, पेन्शनचा हुकूम प्रयागराजहून, न्यायाधिकरण मुंबईस, आणि माणूस सुरगाण्याच्या पाड्यावर! २००९ मध्ये न्यायाधिकरण सुरू झाले, तेथे स्वतः उभे राहता येते किंवा आवडीचा वकील देता येतो. पण आधी खात्यातली अपिले करावी लागतात, आणि अखेरच्या नकारानंतर सहा महिन्यांत जावे लागते. २००८ च्या नियमांत तर असे आले की, पंधरा वर्षांनंतर दावा केला तर पुराव्याचा भार दावेदारावरच पडेल. २०२३ मध्ये नियम पुन्हा बदलले. म्हणून माणूस कोणत्या साली बाहेर पडला हे पाहूनच नियम उघडावा.

वकिलाला पैसे नाहीत, ही सबब आता उरलेली नाही. १९८७ चा विधिसेवा कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्याखाली अपंग व्यक्तीला, औद्योगिक कामगाराला, आणि उत्पन्न कितीही असले तरी कोणत्याही स्त्रीला, म्हणजे सैनिकाच्या विधवेलाही, फुकट वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात ते कार्यालय आहे. सैनिक कल्याण कार्यालयांतच अशी मदत मिळावी म्हणून २०२५ मध्ये राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाने एक योजनाही काढली.

तात्पर्य, कायदा झाला, न्यायाधिकरण झाले, फुकट वकीलही झाला. मध्ये एका माणसाची जागा रिकामी आहे. पेटी उघडणारा, डिस्चार्ज बुक आणि मंडळाचा शेरा वेगळा काढणारा, त्या दारापर्यंत बरोबर चालणारा. गोदाकाठी या पटांगणात बसलेल्या प्रत्येकाच्या कारखान्याच्या, बँकेच्या, सोसायटीच्या फाटकावर एखादा ‘मेजर’ उभा असेल. घरी जाताना त्याला एवढेच विचारावे: “कागद आहेत का?” आणि जरा मोठ्याने विचारावे.