शिरस्त्राणाची पारख

जुन्या वस्तूंचा व्यापारी शिरस्त्राण विकावयास मांडतो, तेव्हां त्याची दर्शनी बाजू गिऱ्हाइकाकडे करून ठेवतो. जाणत्या गिऱ्हाइकानें मात्र तें आधीं उचलावें, मग उलटें करावें आणि आंत पाहावें, असें आमचें मत आहे. नक्कल करणाराचें सारें कसब बाहेरच्या बाजूवर खर्ची पडलेलें असतें. आंतल्या बाजूस तो सहसा थकतो. बाजारांतून साधा नारळ आणावयाचा तरी आपण तो कानाशीं हालवून पाहतों. मग शेंकडों वर्षें जुना म्हणून सांगितलेला लोखंडी टोप नुसता डोळ्यांनीं पाहून कां घ्यावा?

ही पारख करण्याची गरज युरोपांत विशेष भासूं लागली ती एकोणिसाव्या शतकांत. वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी १८२० च्या सुमारास लोकांच्या हातीं पडली आणि मध्ययुगीन वीरांचें वेड इंग्लंडांतील धनिकांस चढत गेलें. दिवाणखान्यांत एखादें चिलखत उभें असणें हें खानदानीपणाचें लक्षण ठरलें. पूर्वजांनीं तें ठेविलें नसल्यास बाजारांतून आणणें क्रमप्राप्तच होतें! जुनीं चिलखतें मोजकीं आणि मागणी मात्र अमर्याद, तेव्हां मधली तूट लोहारांनीं भरून काढली. लंडनच्या बाँड स्ट्रीटवरील सॅम्युएल प्रॅट हा या धंद्यांतील प्रसिद्ध पुरुष. १८३९ च्या ऑगस्ट महिन्यांत स्कॉटलंडमध्यें एग्लिंटन येथें अश्वारूढ वीरांच्या द्वंद्वांचा मोठा सोहळा झाला. त्यांतील सरदारांस चिलखतें पुरविलीं तीं यानेंच. पहिल्याच दिवशीं पावसानें या वीरांची त्रेधा उडविली, ही गोष्ट वेगळी. परंतु या प्रॅटच्या दुकानांतून प्राचीन म्हणून गेलेलीं कांहीं शिरस्त्राणें ताजीं घडविलेलीं होतीं, आणि तीं नामांकित संग्रहांत, लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागारांतसुद्धां जाऊन बसलीं.

हीं शिरस्त्राणें ओळखावयाचीं कशीं? याचें उत्तर एका अस्सल शिरस्त्राणानें दिलें आहे. सर रिचर्ड पेंब्रिज हा इंग्रज सरदार १३७५ सालीं वारला व त्याचें शिरस्त्राण हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्यें त्याच्या समाधीवर टांगलेलें होतें. पुढें तें संग्राहकांच्या हातांतून फिरत एडिंबरोच्या संग्रहालयांत पोंचलें. बॅरन द कॉसन या शस्त्रज्ञानें त्याचें बारकाईनें परीक्षण केलें. त्याचें लक्ष नक्षीकडे नव्हतें, कामाकडे होतें. डोळ्यांपुढील फटीच्या कडा बाहेर वळवून जाड केलेल्या आहेत, म्हणजे भाल्याचें टोंक घसरून आंत शिरूं नये. खालची कड गुंडाळून घेतलेली आहे, म्हणजे ती अंगास कापूं नये. पोलाद इतकें कठीण कीं चाकूचा ओरखडा उमटत नाहीं. आणि एवढें करून वजन सुमारें २.६ किलो. ज्याच्या डोक्यावर हें चढणार तो मनुष्य जगावा, ही एकच चिंता घडविणाराच्या हाताला होती, आणि तीच त्या वस्तूच्या कडाकडांतून दिसते.

बनावट करणाराला ही चिंता नसते. त्याचें गिऱ्हाईक भाल्यापुढें जावयाचें नसून चहा पितांना त्या टोपाकडे पाहावयाचें असतें. त्यामुळें तो गिरणींत लाटलेला एकसारख्या जाडीचा पत्रा घेतो. जुन्या कारागिरानें ऐरणीवर ठोकून काढलेला पत्रा मात्र कपाळाशीं जाड व मागें पातळ असतो, आंतून हातोड्याचे घाव दिसतात, आणि जुनें लोखंड कुजतांना त्याचे पापुद्रे निघतात. आम्लानें चढविलेला गंज मात्र सर्वत्र सारखा पसरलेला, देवीच्या वणांसारखा असतो. आंत अस्तर शिवण्याच्या पट्टीसाठीं रिबिटें हवींत. तीं नसतील तर त्या वीरानें उघडें लोखंड डोक्यावर घेतलें असें मानावें लागेल. भाल्याचा घाव बहुधा डावीकडून येई, म्हणून द्वंद्वाच्या अनेक टोपांत श्वासाचीं छिद्रें उजव्या बाजूस असतात. नक्कल करणाराला दोहों बाजूंचा मेळ अधिक आवडतो. शेवटची परीक्षा सर्वांत सोपी: डोकें आंत घालून पाहावें. बाहेरचें कांहींच दिसत नसेल, तर तो टोप लढणारासाठीं केलेला नव्हे.

कोणी म्हणेल, धनिकांचे चार पैसे गेले, त्यांत आपलें काय गेलें? पैशांचें आम्हांसही विशेष वाटत नाहीं. परंतु संग्रहालयांतील वस्तु हा इतिहासाचा पुरावा असतो. खोटा टोप खऱ्यांच्या रांगेंत बसला कीं त्यावरून पुस्तकांत चित्रें निघतात, चित्रांवरून मुलें शिकतात; आणि लबाडी उघडकीस आली म्हणजे शेजारच्या अस्सल वस्तूवरही संशयाची सावली पडते. दुसरें नुकसान आम्ही अधिक मोठें समजतों.

मात्र प्रत्येक नक्कल ही लबाडी नव्हे. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नामांकित धातुकामांच्या प्रतिकृति संग्रहालयांसाठीं काढल्या. मूळ वस्तूचा सांचा मोरचुदाच्या पाण्यांत बुडवून विजेच्या प्रवाहानें त्यावर तांब्याचा थर चढवीत. बाहेरून ओरखडान् ओरखडा उतरे. आंतली बाजू मात्र दाणेदार, खरखरीत राही. शिवाय प्रतिकृतीवर त्या कंपनीची खूण असे. जी वस्तु आपण होऊन ‘मी नक्कल आहें’ असें सांगते, तिच्यावर कोणता आरोप ठेवावा?

नाटक-सिनेमांतील शिरस्त्राणांचें शास्त्र आणखी निराळें. आमच्याकडील शाळांच्या संमेलनांत पुठ्ठ्यावर चंदेरी कागद चिकटवून मावळा उभा राहतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाहीं. १८७६ सालीं बायरॉइट येथें वॅग्नरच्या संगीत-नाट्यमालेसाठीं कार्ल एमिल डोप्लर यानें वेषभूषा केली व तींत शिंगांचे टोप योजिले. रंगभूमीवर ते शोभले. परंतु वायकिंग लोक शिंगांचे टोप घालीत, ही समजूत त्यामुळें जगभर दृढ झाली. १९४३ सालीं नॉर्वेंत ग्येर्मुंदबू येथें खऱ्या वायकिंग टोपाचे तुकडे सांपडले, त्याला शिंगें नव्हतीं.

‘स्टार वॉर्स’ या चित्रपटांतील पांढऱ्या शिपायांचें शिरस्त्राण अँड्र्यू एन्सवर्थ या इंग्रज कारागिरानें १९७६ सालीं तयार केलें. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ करावयाचा, सांच्यावर ताणावयाचा व खालून हवा शोषून घ्यावयाची, अशी ती रीत. पत्रा जेथें अधिक ताणला जातो तेथें पातळ होतो. आणि नकलेवरून पुन्हां सांचा काढला कीं कडा बोथट होतात व आकार किंचित् आकसतो. ज्याला अशी प्रतिकृति विकत घ्यावयाची असेल त्यानें डोळ्यांच्या कडा, दांतांसारख्या खांचा व आंतील बाजू पाहाव्यात. लकाकीवर जाऊं नये. फार सुबक व दोन्ही बाजूंस तंतोतंत सारखें दिसलें तर अधिकच सावध राहावें, कारण मूळचीं शिरस्त्राणें घाईनें केलेलीं, ओबडधोबड होतीं. कॅमेऱ्याला तेवढें पुरे होतें.

याच कारागिरानें २००४ पासून तशींच शिरस्त्राणें पुन्हां विकावयास आरंभ केला, तेव्हां चित्रपटाच्या मालकांनीं त्याला न्यायालयांत खेंचलें. २०११ च्या जुलै महिन्यांत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हें शिरस्त्राण शिल्प नव्हे, चित्रपटाच्या कामासाठीं केलेली उपयुक्त वस्तु आहे. सबब शिल्पाचें संरक्षण त्यास मिळणार नाहीं. त्याच हातानें तीस वर्षांनीं केलेली वस्तु अस्सल म्हणावी कीं नक्कल, यावर संग्राहकांत वाद घालतां येईल. आमच्या मतें ती नक्कलच, फक्त उत्तम नक्कल: तें शिरस्त्राण घालून त्या चित्रपटांत कोणीहि चाललेलें नाहीं.