रिद्धपूरची वाट आणि बायांची आठवण



हल्ली मोबाइलवर अमेरिकेतल्या एका गाडीचे व्हिडिओ फिरतात. बाहेरून बसएवढी मोटार आणि आत अख्खं घर. गॅसची शेगडी, झोपायला पलंग, पाण्याचा नळ, संडाससुद्धा. तिकडे माणसं अशी गाडी घेऊन महिना महिना फिरतात. जिथे रात्र होईल तिथे गाडी लावायची, स्वयंपाक करायचा, झोपायचं, सकाळी पुढे निघायचं. बाया ते बघतात आणि म्हणतात, मजा आहे बाई यांची!

मला मात्र ते बघून आपली बंडी आठवते. यात्रेला निघायचं म्हणजे बंडीवर तट्ट्याचं छत बांधायचं. खाली कडबा, त्यावर गोधडी. एका कोपऱ्यात पिठाचं गाठोडं, तिखट-मीठ, तवा, गंज. बैलांसाठी ढेप. लेकुरवाळी बाई आत, म्हातारी आत, पोरं मागे पाय सोडून बसलेली. नदीकाठी बंडी सोडली की तीन दगडांची चूल मांडायची. चाकावरचं घर आपल्या आज्यांना चांगलंच माहीत होतं. नळ आणि पलंग तेवढे नव्हते.

त्या अमेरिकेतल्या गाड्या ज्या ठिकाणी हमखास जातात, त्यातलं एक शहर आहे सॉल्ट लेक सिटी. खाऱ्या सरोवराकाठचं शहर. आपल्या बुलढाण्याच्या लोणारसारखं खारं पाणी, पण सरोवर कितीतरी पटीनं मोठं. हे शहर वसवलं मॉर्मन नावाच्या एका ख्रिस्ती पंथानं. त्यांच्या संस्थापकाला, जोसेफ स्मिथला, १८४४ साली जमावानं ठार मारलं. दोन वर्षांनी पंथाच्या लोकांना आपलं गाव सोडावं लागलं. बैलांच्या छपराच्या गाड्यांत संसार भरून ते पश्चिमेला निघाले आणि १८४७ च्या जुलै महिन्यात त्या सरोवराकाठी पोचले. वाट जवळजवळ दोन हजार किलोमीटरची. पुढे १८५६ पासून ज्यांच्याकडे बैल घ्यायलाही पैसा नव्हता, अशी सुमारे तीन हजार माणसं हातगाड्या ओढत तिथे गेली. त्यात बाया होत्या, पोरं होती. पहिल्याच वर्षी दोन तुकड्या बर्फात सापडल्या आणि दोनशेवर माणसं वाटेतच मेली. आज त्यांचे वारस घरासारख्या मोटारींतून त्याच वाटेनं जातात आणि पूर्वजांच्या खुणा बघतात.

हे ऐकल्यावर मी विचार केला, आपल्याकडे असं गाव कोणतं? छळ सोसलेल्या पंथाचं, दुरून माणसं जिथे वाट तुडवत येतात असं? फार लांब जावं लागलं नाही. ते आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. महानुभाव पंथाची काशीच म्हणतात त्याला. आपल्या भागात घरोघर या पंथाची माणसं आहेत. भेटल्यावर "दंडवत प्रणाम" म्हणणारी, मांस-मद्याला न शिवणारी, विड्याचा प्रसाद देणारी.

हिंगणघाटहून निघायचं. वणा नदी मागे टाकून वर्धा, तिथून आर्वी, मग वर्धा नदी ओलांडायची. नदी ओलांडली की वऱ्हाड लागतं, आणि काठावरच कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर ते. तिथून तिवशाकडून पुढे मोर्शी तालुक्यात शिरायचं. आज टेम्पो-ट्रॅव्हलर केली तर एका दिवसात जाऊन येता येतं. बंडीनं जाताना वाटेत मुक्काम पडत. कौंडण्यपुराचं नाव लक्षात ठेवा बरं का, ते पुन्हा येणार आहे.

रिद्धपुरात तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. वागणं वेड्यासारखं. कोणाच्याही घरात शिरायचं, कोणाच्याही ताटातलं खायचं. त्यांना जातीचा विटाळ नव्हता. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्यांच्यासाठी त्यांनी विहीर काढून दिल्याची हकिगत त्यांच्या चरित्रात आहे. गावाला ते आईच्याही ठिकाणी होते आणि बापाच्याही.

त्यांच्याकडे गुजरातेतल्या भडोचहून एक तरुण आला. रामटेकच्या यात्रेला म्हणून घरून निघाला होता, पण रिद्धपुरात गोविंदप्रभू भेटले आणि तो परत गेलाच नाही. हेच चक्रधर स्वामी. मोर्शीजवळच्या सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी बारा वर्षं तप केलं, असं पंथ सांगतो. पुढे ते महाराष्ट्रभर पायी हिंडले आणि लोकांशी लोकांच्याच बोलीत बोलले. त्या काळी धर्माचं ज्ञान संस्कृतात आणि संस्कृत काही थोड्या पुरुषांकडे. चक्रधरांनी ते कोष्टी, तेली, शेतकरी, बाया, सगळ्यांना मराठीत सांगितलं.

बायांनाही त्यांनी शिष्य केलं. नुसतं पाया पडायला नव्हे, तर संन्यास घ्यायला, शिकायला आणि प्रश्न विचारायला. पाळीच्या विटाळाबद्दल त्यांचं सांगणं असं, की नाकाला शेंबूड येतो, कानात मळ साचतो, तसाच हाही शरीराचा एक धर्म. मैत्रिणींनो, हे साडेसातशे वर्षांपूर्वीचं बोलणं आहे. आज आपल्या गटात याच विषयावर बोलायचं म्हटलं, की अजूनही अर्ध्या जणी खाली बघतात.

प्रश्न विचारण्यात सगळ्यांत पुढे होत्या महदाइसा. लहान वयात विधवा झालेल्या. पंथाचे पहिले आचार्य नागदेव, त्यांच्या त्या चुलत बहीण. गप्प बसणं त्यांना माहीत नव्हतं. एखादी गोष्ट कळली नाही तर कळेपर्यंत विचारायच्या. चक्रधरांनी त्यांच्या या जिज्ञासेचं कौतुक केलं, आणि ते कौतुकही लिहून ठेवलं गेलं आहे.

१२७४ च्या सुमारास चक्रधर गेले. त्यांना मारलं असं इतिहासाचे काही अभ्यासक म्हणतात. ते उत्तरेकडे निघून गेले असं पंथ मानतो. शिष्य पोरके झाले. ते सगळे रिद्धपुरात गोविंदप्रभूंकडे आले आणि त्यांच्या सेवेत राहिले. तिथेच मराठीतली एक फार मोठी गोष्ट घडली.

शिष्यांमध्ये म्हाइंभट नावाचे विद्वान होते. त्यांनी ठरवलं, की स्वामी कुठे गेले, काय बोलले, कोणाशी कसे वागले, हे सगळं लिहून काढायचं. पण जो तो विसरायच्या आत! मग ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांना गाठून त्यांनी एकेक आठवण विचारली. नागदेवाचार्यांकडून ती खरी की खोटी हे तपासून घेतलं. सांगणाऱ्यांत बाया भरपूर. रिद्धपूरच्या वाजेश्वरीत बसून १२७८ च्या आसपास हा ग्रंथ तयार झाला. त्याचं नाव लीळाचरित्र. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ हाच. त्यात देवाधर्माबरोबर भाकरी आहे, आजारपण आहे, रुसवेफुगवे आहेत, बाजार आहे. म्हणजे बायांनी जे पाहिलं आणि लक्षात ठेवलं, ते आहे.

त्याच रिद्धपुरात आणखी एक प्रसंग झाला. म्हाताऱ्या गोविंदप्रभूंना लहर आली, माझं लग्न लावा. शिष्यांनी खेळासारखा लग्नाचा घाट घातला. लग्न म्हटलं की गाणी हवीतच. महदाइसा पुढे आल्या आणि त्यांनी धवळे गायले. धवळे म्हणजे लग्नात नवरदेवासाठी म्हणायची गाणी. विषय कोणता? रुक्मिणीचं लग्न. म्हणजे आपल्या वाटेवरच्या त्या कौंडण्यपूरच्या लेकीचं. या धवळ्यांमुळे महदाइसेला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात. जात्यावर, लग्नात, डोहाळजेवणात आपण जे म्हणतो, त्याच जातीचं हे गाणं. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचं काव्य लग्नघरच्या गाण्यातून आलं.

आता खरी गोष्ट ऐका. पुढे अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजा दक्षिणेत आल्या. देवगिरीचं यादवांचं राज्य गेलं, पळापळ झाली आणि त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. संपलं असतं सगळं. पण पंथातल्या माणसांना ते पाठ होतं. आठवून आठवून त्यांनी ते पुन्हा उभं केलं. ज्याला जसं आठवलं, तसे त्याचे वेगवेगळे पाठ झाले. त्यातल्या एका पाठाला नाव आहे हिराइसा पाठ. हिराइसा ही बाई. कागद गेला, पण तिच्या डोक्यातून गेला नाही.

तिला पाठ का होतं? कारण ते तिच्या भाषेत होतं. नागदेवाचार्यांची एक आठवण पंथात जपली आहे. एका विद्वान शिष्याला संस्कृतात लिहायचं होतं. आचार्यांनी त्याला अडवलं. कारण सांगितलं, की तसं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. राजा काय म्हणेल, पंडित काय म्हणतील, याचा विचार त्यांनी केला नाही. कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांचा केला. आणि पोथी हरवली तेव्हा बाईच्या पाठांतराचा उपयोग झाला.

पण पुढची शेकडो वर्षं या पंथाला सुखाची गेली नाहीत. काळी वस्त्रं घालतात, वेद मानत नाहीत, म्हणून लोकांनी नावं ठेवली. मानभाव हा शब्दच शिवीसारखा झाला. पंथानंही दारं लावून घेतली. पोथ्या सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा गुप्त लिप्यांत लिहिल्या. अक्षरं ओळखीची दिसत, पण एकाच्या जागी दुसरं. बाहेरच्याला वाचता येऊ नये म्हणून. पंथ पंजाबात गेला, काबूलपर्यंत गेला, तिथेही मराठी पोथ्या जपल्या गेल्या. पण महाराष्ट्रातल्या शाळेत कोणाला महदाइसेचं नाव माहीत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी लिपीची किल्ली उलगडली. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा आपल्याच विदर्भातल्या अभ्यासकांनी आयुष्य घालून पोथ्या वाचल्या आणि छापल्या. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली आलं. म्हणजे शेकडो वर्षं बायांची ती आठवण गाठोड्यात बांधून पडली होती. आता रिद्धपुरातच राज्य सरकारचं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे.

पुन्हा त्या खाऱ्या सरोवराकाठच्या शहराकडे येते. तिथल्या बायांचं आयुष्य सोपं नव्हतं. पंथात सवती आणायची चाल होती. ती १८९० मध्ये पंथानं सोडली. तरी त्याच मुलखात बायांना १८७० सालीच मताचा हक्क मिळाला, साऱ्या अमेरिकेतल्या बायांना तो १९२० मध्ये मिळाला त्याच्या पन्नास वर्षं आधी. मध्ये १८८७ मध्ये तो काढूनही घेतला. बाया भांडल्या आणि १८९६ मध्ये परत मिळवला. मिळालेलं जातं, आणि धरून ठेवलं तर परतही येतं. त्या पंथाची एक सवय मात्र घेण्यासारखी. पूर्वजांची नावं, जन्म, लग्नं, प्रवास यांची नोंद ते जिवापाड ठेवतात. त्यासाठी त्या शहरात भलं मोठं ग्रंथालय आहे. हातगाडी ओढत आलेल्या एखाद्या गरीब बाईचंही नाव तिथे सापडतं.

आपल्या आज्यांची नावं कुठे आहेत? सातबाऱ्यावर बहुतेकींची नाहीत. कापूस वेचून ज्यांची नखं फाटली, ज्यांना कोणत्या वावरात कोणतं बी धरतं हे ठाऊक होतं, अडल्या बाळंतिणीला ज्यांनी सोडवलं, त्यांच्या हकिगती त्यांच्याबरोबरच जातात. दरवर्षी गावातून दोन-चार म्हाताऱ्या कमी होतात. आपण तेराव्याला जेवून येतो, आणि एक अख्खी पोथी गेली हे लक्षातही येत नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगते. एक, यंदा गटाची सहल काढायची असेल तर रिद्धपूरला काढा. पंथाच्या असा वा नसा. वाटेत कौंडण्यपूरला रुक्मिणीला भेटा. रिद्धपूरच्या राजमठात, ओट्यांवर माथा टेकाल तेव्हा महदाइसा आणि हिराइसा ही दोन नावं मनात घ्या. सोबत गावातली एखादी म्हातारी न्या. पुढच्या सीटवर बसवा तिला, आणि वाटभर बोलतं करा.

दुसरी, गटाच्या हिशोबाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा. महिन्याच्या बैठकीत एका म्हातारीला एकच गोष्ट विचारायची. लग्न होऊन आलीस तेव्हा गाव कसं होतं? दुष्काळात काय खाल्लं? कोणतं गाणं येतं? शाळेत जाणाऱ्या पोरीनं ते लिहून घ्यायचं, म्हातारी बोलते त्याच बोलीत. शुद्ध करायला जाऊ नका. म्हाइंभटांनी यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. गावोगाव जाऊन विचारलं, ऐकलं आणि लिहिलं.

वही भरली की आम्हाला कळवा. इथे वाचून दाखवू.

दंडवत प्रणाम.