टपालातलं ब्लेड

टपालखात्याचा जुना कायदा १८९८ सालचा. त्याच्या एकोणिसाव्या कलमात टपालाने काय पाठवायचं नाही ते सांगितलेलं होतं. स्फोटक नको, घाणेरडं नको, अपायकारक नको, इजा करील असा जिवंत प्राणी नको. त्याच रांगेत धारदार हत्यारही बसवलं होतं. पण तिथं एक फट ठेवली होती. धारेचा नीट बंदोबस्त केलेला नसेल, तर ती पाठवू नये, असं कलम म्हणत होतं. म्हणजे बंदोबस्त केला, की वाट मोकळी. आमच्या घरात हे कलम कुणी वाचलेलं नव्हतं. तरी माझ्या थोरल्या काकाने पंचवीसेक वर्षं ह्याच फटीतून मुंबईहून गावाला ब्लेडं पाठवली, आणि वाटेत कुणाचं बोट कापलं नाही.

आमचं गाव साताऱ्याच्या जावळी खोऱ्यात. जमीन डोंगरउताराची, पीक नाचणी-वरी-भाताचं, आणि निम्मी माणसं मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी भाजीबाजारात पाठीवर ओझी वाहायला. ती माणसं गावाशी बांधलेली होती ती टपालाने. मनिऑर्डर १८८० पासूनची, पोस्टकार्ड त्याच्याही आधीचं, १८७९ चं. दर महिन्याला दहा-पंधरा रुपये आणि खाली चार ओळी, यावर चुली पेटत होत्या. मुंबईचं टपाल रेल्वेच्या डाकडब्यातून निघायचं, साताऱ्याहून एस.टी.ने मेढ्याला यायचं, आणि तिथून पुढं आमचा डाकवाला खांद्यावर थैली टाकून ओढे-नाले ओलांडत पायी आणायचा. मास्तरांच्या पडवीतच ब्रँच पोस्ट होतं. एक टेबल, एक तराजू, शाईचं पॅड आणि लाकडी मुठीचा शिक्का, एवढाच संसार.

मृगाच्या आधी आमच्या घरी मांजरपाटात शिवलेलं वीतभर बोचकं यायचं. डाकवाला उंबऱ्यातनं हाक द्यायचा, “आक्का, मुंबईचं आलंय बघा.” आजी पदराला हात पुसत यायची, बोचकं आधी दोन्ही हातांनी चाचपायची आणि विचारायची, “तुला न्हाई ना काय लागलं, बाबा?”

आत ब्लेडं असायची. आजी ‘बिलेड’ म्हणायची. लोकांना वाटायचं, लेक बापाच्या दाढीसाठी धाडतोय. तसं नव्हतं. आजोबांची दाढी बाजाराच्या आदल्या दिवशी गावचा न्हावी करायचा. धोकटीतनं वस्तरा काढायचा, चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा आणि वर्षाकाठी खळ्यावर आपलं बलुतं घेऊन जायचा. ब्लेडं आजीसाठी होती. आजी सुईण होती.

हे दोन्ही बाजूंना धार असलेलं पातळ पातं काही आपल्याकडचं नव्हे. किंग कॅम्प जिलेट नावाच्या अमेरिकन विक्रेत्याच्या डोक्यात १८९५ साली आलं, की वस्तऱ्याला धार लावत बसण्यापेक्षा पातंच इतकं स्वस्त करावं, की बोथट झालं की टाकून द्यावं. पोलादाचा एवढा पातळ पत्रा कडक कसा करायचा, हे जाणकारांना जमत नव्हतं. विल्यम निकर्सन या इंजिनिअराने ते जमवलं. १९०१ मध्ये बोस्टनला कंपनी निघाली. १९०३ या पहिल्या वर्षात खपले ते ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढं पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हे रेझर गेले आणि घरी दाढी करायची सवय त्यांच्याबरोबर परत आली. आपल्याकडं हे पातं आधी परदेशी वेष्टनात आलं, स्वातंत्र्यानंतर देशीही निघू लागलं.

दाढीसाठी केलेलं पातं सुईणीच्या हातात का गेलं, ते सांगायला हवं. पूर्वी आमच्याकडं नाळ कापायची ती विळ्याने, नाहीतर घरात जे धारेचं सापडेल त्याने. विळा गवताचा, शेणामातीतला. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. ओल्या नाळेतून ते आत गेले, की पाच-सहा दिवस काही कळत नाही. बाळ चांगलं दूध ओढत असतं. मग एके दिवशी ओढेनासं होतं. जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं ताणतं, जरा आवाज झाला तरी झटका येतो. हे होतं ते बहुधा सटवीच्या पूजेच्या आसपासच. म्हणून लोक म्हणायचे, सटवीनं नेलं. आजीची स्वतःची दोन लेकरं अशी गेली, माझ्या वडिलांच्या आधी. त्यांची नावं ठेवायचीही वेळ आली नाही. थोरला काका तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. त्यानं ते पाहिलेलं होतं.

काकीचं पहिलं बाळंतपण मुंबईच्या म्युनिसिपल प्रसूतिगृहात झालं. तिथं नाळ कापायची कात्री उकळून घेतात हे काकीने पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं. त्याच आठवड्यात काकाचं पत्र आलं. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार, आणि खाली एवढंच, की यापुढं नाळेला विळा लावू नये, मी नवी ब्लेडं पाठवतो, एका बाळाला एक, ते उकळत्या पाण्यात टाकून मगच घ्यावं, आणि काम झालं की पुरून टाकावं. ब्लेड मेढ्याच्या बाजारातही मिळायचं. पण सुटं मिळायचं, कागद उघडलेलं, कडा तांबारलेल्या. तेव्हाची ब्लेडं साध्या पोलादाची, आमच्याकडचा पाऊस लागला की गंजणारी. शिवाय ओढे भरले, की पावसाळ्यात कित्येक दिवस बाजाराची वाटच बंद व्हायची. बाळं काही ओढा उतरायची वाट बघत नाहीत.

काका गिरणीच्या घडीखात्यात होता. ताग्यांच्या घड्या घालणं, गासड्या बांधणं हेच त्याचं रोजचं काम. त्यामुळं बोचकं बघत राहावं असं असायचं. ब्लेडचा मुळातला तेलकट कागद तो कधी काढायचा नाही. गंज न लागण्याचा आणि बोट न कापण्याचा तोच पहिला बंदोबस्त. पाच-पाचाच्या पुड्या तशाच ठेवून दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालायचा आणि सुताने आडवं-उभं करकचून आवळायचा. मग ते पत्र्याच्या चपट्या डबीत. डबीत जागा उरली तर चिंध्या कोंबायच्या. कानाशी धरून हलवलं तर आतून आवाज येता कामा नये, ही त्याची परीक्षा. मग मांजरपाट, दाभणाची शिवण, जोडावर लाख. वर शाईच्या पेन्सिलीने पत्ता, आणि पत्त्याच्या खाली ‘आत धारेची वस्तू आहे’. एका वर्षी डबीच्या जागी कंपासपेटी आली. ब्लेडं आजीची आणि पेटी माझी.

एवढी उस्तवार कशाला, असं गावात काहीजण म्हणायचे. दोन ब्लेडं पाकिटात घातली तरी येतात की! आमच्याच भावकीतल्या एकाने तसं केलं. पत्राच्या घडीत दोन ब्लेडं ठेवली, पाकीट चिकटवलं आणि दिलं पेटीत टाकून.

पाकिटाचं वाटेत काय होतं, याचा त्यानं विचार केला नव्हता. पेटीतून काढलं की आधी त्यावर शिक्का आपटतात. मग गठ्ठा सुतळीने आवळतात, थैलीत टाकतात, थैली फलाटावर फेकली जाते. तेव्हा चालत्या गाडीत डाकडब्यातला माणूस डाव्या हातात गठ्ठा धरायचा आणि अंगठ्याने एकेक पत्र सरकवत खणांत टाकत जायचा. ब्लेड म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग जाडीचं पोलाद. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ते घडीतून सरकतं, कोपऱ्यात जाऊन बसतं आणि कागद कापत बाहेर डोकावतं. बाहेरून दिसतही नाही. अंगठा मात्र तिथूनच फिरायचा.

ते पाकीट आमच्या पडवीपर्यंत पोचलं. डाकवाल्याने थैलीतून गठ्ठा ओढला आणि तळव्याला अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चीर पडली. रक्त पत्रांवर सांडलं. मास्तरांनी हळद भरून फडकं बांधलं आणि त्याला त्याच पावली मेढ्याला पिटाळलं. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. तीन आठवडे त्याचा भाऊ थैली आणत होता. आजी रोज त्याच्या घरी जाऊन हात बघून यायची. धनुर्वात हा शब्द तिला एव्हाना कळला होता.

पुढच्या सोमवारी मास्तर मारुतीच्या देवळात खात्याचं पुस्तक घेऊन आले आणि त्यांनी ते एकोणिसावं कलम मराठी करून सांगितलं. मग आमच्या घरनं रिकामी डबी, पुठ्ठे आणि लाखेचा मांजरपाट मागवून घेतला. म्हणाले, “कायद्यात ‘नीट बंदोबस्त’ लिवलंय, त्यो असा. ह्या बोचक्याला आजवर किती हात लागलं आसतील? एकाला तरी खरचटलं का?” आजी बायकांत बसली होती. घरी आल्यावर तिनं काकाला पत्र लिहायला लावलं, की तुझी डबी देवळात दाखवली.

१९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले, संस्कृतचे कवी. तेव्हापासून बोचक्यावर ४१५ ने सुरू होणारा आकडा आला आणि ते दोन दिवस लवकर पोचू लागलं, असं आजीचं म्हणणं. १९७७ च्या सुमारास सरकारने गावोगावच्या सुईणींना शिकवायला घेतलं. आजीही गेली. नर्सबाईंनी सांगितलं, हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड नवं, दोरा स्वच्छ, नाळेवर राख-शेण काही नको. आजी म्हणाली, “बिलेडाचं ठावं हाय, बाकीचं सांगा.” पोटुशी बाईला टिटॅनसची सुई टोचणं हा खरा इलाज, हे तिला तिथं पटलं, आणि मग सुनांना हाताला धरून ती सुईला नेऊ लागली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. काकाची गिरणी पुन्हा त्याच्यासाठी उघडली नाही. त्या मृगाला बोचकं आलं, पण आत एकच पुडी होती. पुढच्या वर्षी काका स्वतःच आला, कायमचा. तोवर आरोग्यकेंद्रातून सुईणीला ब्लेडासकट सामान मिळू लागलं होतं. माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं ते २०१५ साली. ते ऐकायला आजी नव्हती, काकाही नव्हता.

१८९८ चा कायदाही आता गेला. २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला. पाठवणारे मात्र अजून आहेत. कुणी लेकाला हॉस्टेलवर दाढीची ब्लेडं धाडतं, कुणी लेकीला विळी. त्यांना काकाची रीत पुरेशी आहे. मूळ कागद काढू नका. धारेला दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा द्या आणि आवळून बांधा. कडक डबीत घाला, आत मोकळी जागा ठेवू नका, वर काय आहे ते लिहा. मग डबी कानाशी धरून हलवा. आवाज आला तर पुन्हा सोडा आणि पुन्हा बांधा. आपल्या हातून ती सुटल्यावर ज्यांच्या हातांत जाणार, ती माणसं आपल्याला कधी दिसत नाहीत.