मुहंमद बक्ष, जुमा आणि पदकांची प्रदर्शने

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. तेथील संग्रहालयात एक लाकडी दालन उभे आहे. खाली दरबार, वर सज्जा, खांब, कमानी, जाळ्या, सगळे कोरीवकामाने भरलेले. ते दरबार हॉल या नावाने ओळखले जाते. मूळचे ते १८८६ साली लंडनच्या 'कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन'साठी झाले. आराखडा पर्डन क्लार्क या साहेबाचा. प्रदर्शन संपल्यावर लॉर्ड ब्रॅसी यांनी ते विकत घेतले, आपल्या लंडनच्या घरात बसवले आणि १९१९ साली ते हेस्टिंग्जला देऊन टाकण्यात आले. साहेब, लॉर्ड, गाव, साल, सगळी नोंद चोख आहे. सुदैवाने आणखी दोन नावे या नोंदीत टिकली आहेत. ज्यांच्या हातांनी ते लाकूड कोरले गेले ते मुहंमद बक्ष आणि जुमा. पंजाबात झेलम नदीच्या काठी भेरा नावाचे गाव आहे, तेथले हे कारागीर. भेऱ्याचे कोरीव दरवाजे त्या काळी प्रसिद्ध होते. नावे टिकली, पण आडनाव नाही, वय नाही, परत गेल्यावर त्यांचे काय झाले तेही त्या नोंदीत नाही.

आपल्याकडे मुसलमानांचा इतिहास म्हटला की सुलतान, नवाब, सरदार आणि सूफी यांची नावे येतात. रंधा आणि पटाशी हातात घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारा मुसलमान या इतिहासात क्वचितच दिसतो. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकापासून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली, तेव्हा कुठे या कष्टकरी बिरादऱ्यांबद्दल आपण मोठ्याने बोलू लागलो. म्हणूनच या लाकडी दालनाकडे आणि ज्या प्रदर्शनांतून अशा कामाची पारख झाली त्यांच्याकडे वळून पाहायला हवे.

प्रदर्शन भरवायचे, वस्तूंचे वर्ग पाडायचे, तज्ज्ञांची पंच समिती नेमायची आणि तिने पदके वाटायची, ही पद्धत जगभर रूढ झाली ती १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनापासून. काचेच्या त्या महालात सहा महिन्यांत साठ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. प्रत्येक वर्गाला वेगळे पंच होते आणि फर्निचर हा त्यांतला एक वर्ग. हिंदुस्थानातून गेलेल्या बहुतेक मालाची प्रदर्शक म्हणून पुढे होती ईस्ट इंडिया कंपनी. माल कारागिराचा, मांडणी कंपनीची. मुंबईहून शिसवी लाकडाचे कोरीव फर्निचर गेले होते. कापड आणि भरतकाम पाहून इंग्रज रसिक भारावले, पण या फर्निचरपाशी त्यांची पंचाईत झाली. घाट विलायती आणि अंगावरची वेलबुट्टी देशी, अशा त्या खुर्च्या, कोच आणि मेजे. याला हिंदी कला म्हणावे तर ते आपल्याच दिवाणखान्यासारखे दिसते आणि विलायती म्हणावे तर नक्षी अंगावर येते! पुढची पन्नास वर्षे टीकाकारांनी मुंबईच्या या शिसवी कामाला नाके मुरडली.

पण हे फर्निचर कुणासाठी होत होते? आपल्या जुन्या घरांत फर्निचर असे फारसे नव्हतेच. पाट, चौरंग, तक्त, संदूक, झोपाळा, बाज एवढ्यावर भागत असे. माणसे जमिनीवर बसत, जमिनीवर जेवत. 'खुर्ची' हा शब्द आपण अरबीतल्या 'कुर्सी'वरून घेतला, 'आयतुल कुर्सी' तर घराघरांत पाठ असते, पण ती कुर्सी म्हणजे जेवणाच्या टेबलाभोवतीची खुर्ची नव्हे. टेबल-खुर्ची मागणारे गिऱ्हाईक होते ते इंग्रज अधिकारी, पारशी शेठ आणि संस्थानिक. सुताराने त्यांना हवे ते करून दिले, आणि मग त्याच गिऱ्हाइकाच्या भाईबंदांनी पंच होऊन ते अस्सल नाही असा निकाल दिला.

मुंबईच्या लाकूडकामात आणखी एक प्रकार होता, 'सडेली'चा. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली हिंदुस्थानच्या कलाकुसरीवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ही कला इराणच्या शिराझहून सिंधमार्गे मुंबईस आली. हस्तिदंत, रंगीत लाकूड, शिंग आणि कथील यांच्या बारीक लांब काड्या करायच्या, कुणी तिकोनी, कुणी चौकोनी. त्या ठरावीक रचनेत सरसाने जोडून जुडी बांधायची. जुडी वाळली की ती आडवी कापायची. प्रत्येक चकतीवर तेच चांदण्यांचे नक्षीकाम उमटते. या पातळ चकत्या पेटीवर चिकटवल्या की झाली 'बॉम्बे बॉक्स'. त्या काळच्या गोऱ्या घरांत शिवणाच्या, लिहिण्याच्या अशा पेट्या हटकून असत. शिराझचे हुन्नर, सुरत-मुंबईचे हात, पेटीचा घाट विलायती. हे अस्सल की भेसळ, याचा न्याय कोणत्या तराजूने करायचा?

आता १८८६ कडे परत येऊ. त्या प्रदर्शनाला पंचावन्न लाखांवर प्रेक्षक आले. तेथे वस्तूंबरोबर माणसेही मांडली होती. चौतीस हिंदी कारागीर आपापली कामे करीत बसत आणि लोक तिकीट काढून ते पाहत. त्यांतील बऱ्याच जणांनी आपली कला आग्र्याच्या तुरुंगात शिकली होती आणि त्यांना घेऊन गेले होते त्या तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर. गालिचे विणणारे, भांडी घडवणारे, लाकूडकाम करणारे. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. राणी व्हिक्टोरियाने रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराकडून या माणसांची चित्रे काढून घेतली, ती ऑस्बोर्न येथील तिच्या वाड्यात आहेत. जाता जाता सांगायचे तर, पुढच्याच वर्षी ज्यांना टायलर यांच्यामार्फत राणीच्या सेवेत पाठवले गेले ते मुन्शी अब्दुल करीम याच आग्रा तुरुंगाच्या कचेरीतले. मुन्शींवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाला. मुहंमद बक्ष आणि जुमा यांच्या वाट्याला तसले काही आले नाही. ते तुरुंगाच्या तुकडीतले नव्हते, दरबार हॉलसाठी आलेले स्वतंत्र कारागीर होते.

ऑस्बोर्नच्या वाड्यात राणीने १८९०-९१ मध्ये स्वतःचे दरबारी दालन करून घेतले ते भाई राम सिंग यांच्याकडून. राम सिंग पंजाबातल्या सुतार घराण्यातले शीख, लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आणि पुढे तेथलेच प्राचार्य. त्यांचे गुरू जॉन लॉकवुड किपलिंग लाहोरला जाण्यापूर्वी आपल्या मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवीत होते. राम सिंग यांचे चित्रही स्वोबोदाने काढले. फरक इतकाच की राम सिंग शाळेतून आले, कागदावर आराखडा काढू लागले, म्हणून इतिहासाने त्यांना 'वास्तुकार' मानले. आराखडा काढणाऱ्याचे नाव राहते आणि कोरणाऱ्याचे पुसले जाते, हा नियम गोऱ्या-काळ्याच्या भेदाइतकाच पक्का होता.

परीक्षकांच्या निकालाचा सर्वांत मोठा सोहळा झाला तो दिल्लीत. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या दरबारानिमित्त लॉर्ड कर्झन यांनी हिंदी कलेचे प्रदर्शन भरवले. ३० डिसेंबर १९०२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. जागा होती कुदसिया बाग. बादशहा मुहंमदशहाची बेगम कुदसिया हिने अठराव्या शतकात वसवलेली ही बाग. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांच्या तोफा दिल्लीवर डागल्या गेल्या त्या याच परिसरातून. पंचेचाळीस वर्षांनी तेथेच हिंदी कलेच्या रक्षणाचा मंडप उभा राहिला! संचालक होते जॉर्ज वॉट, त्यांचे साहाय्यक पर्सी ब्राउन. धातू, दगड, माती, लाकूड, हस्तिदंत, लाख, कापड, भरतकाम, गालिचे, चित्र-शिल्प असे दहा विभाग पाडले होते. चौथा विभाग लाकूडकामाचा. सुवर्ण, रौप्य, कांस्य पदके ठेवलेली होती.

कर्झन यांची अट स्पष्ट होती. युरोपीय किंवा अर्धवट युरोपीय असे काहीही नको. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी संस्थानिकांना चांगलेच सुनावले. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरचे फर्निचर, ब्रुसेल्सचे गालिचे, ऑस्ट्रियाची झुंबरे यांनी तुम्ही महाल भरणार असाल तर देशी कलेला आशा नाही, असा त्याचा भावार्थ. बोलणे खोटे नव्हते. पण संस्थानिकांच्या मुलांना विलायती राहणी शिकवणारी राजकुमार विद्यालये कुणी काढली होती, हे त्या भाषणात नव्हते.

आणखी एक गंमत पाहा. वॉट आणि ब्राउन यांनी आधी हजारो मैलांचा प्रवास केला, कारागिरांना गाठले, वस्तू निवडल्या, नव्या वस्तूंच्या मागण्या नोंदवल्या, गरज पडली तेथे नमुने दिले, आगाऊ पैसेही दिले. म्हणजे काय करायचे ते सांगणारे तेच, आणि उत्तम कोणते हे ठरवणारेही त्यांच्याच विचाराचे. तरी वॉट यांचे श्रेय नाकारता येणार नाही. त्यांनी तयार केलेल्या जाडजूड सूचीत काश्मीरचे अक्रोडकाम, सहारनपूरची कोरणी, बिजनोर जिल्ह्यातल्या नगीन्याचे आबनुशी काम, होशियारपूरची हस्तिदंती जडणघडण यांची नोंद झाली, आणि ठिकठिकाणी कारागिरांची नावेही आली.  मात्र त्याच यादीत संस्थान, कलाशाळा, व्यापारी पेढी अशी नावेही आहेत आणि तेथे वस्तूमागचा माणूस पुन्हा अदृश्य होतो. अहमदाबादचेच पाहा. अमेरिकन कलावंत लॉकवुड डी फॉरेस्ट यांनी १८८१ साली मगनभाई हठीसिंग यांच्यासह तेथे लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. सीदी सैयद मशिदीच्या दगडी जाळीच्या सागवानी प्रतिकृती तेथून झाल्या. डी फॉरेस्ट आणि हठीसिंग जगाला ठाऊक झाले. जाळी कोरणारे मिस्त्री कोण होते?

या सगळ्या वर्गवारीत 'फर्निचर' म्हणून ज्याची नोंद घेणे अवघड जाई अशी एक वस्तू आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. कुराणशरीफ ठेवण्याची रेहल. उत्तम रेहल एका अखंड फळीची असते. फळी तिच्या जाडीतून दोन्ही टोकांकडून चिरायची, मधल्या पट्ट्यात एकमेकांत अडकणारी बोटे कोरायची, आणि मग ती कात्रीसारखी उघडते. खिळा नाही, बिजागरी नाही, सरस नाही. एक घाव चुकला की फळी वाया. काश्मीरच्या खातमबंद छताचीही रीत अशीच. लाकडाचे छोटे भौमितिक तुकडे खाचांत बसवत जायचे, खिळ्यावाचून सारे छत तोलले जाते. श्रीनगरच्या शाह हमदान यांच्या खानकाहीत गेलेल्याने मान वर करून ते पाहिले असेलच. ही कामे पदकासाठी झाली नाहीत. त्यांची पारख करणारा पंच म्हणजे शेजारचा उस्ताद आणि रोज ती वस्तू वापरणारी माणसे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले, कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि १९६५ पासून उत्तम कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले. येथे निवड समितीपुढे वस्तू जाते ती कारागिराच्या स्वतःच्या नावाने. सहारनपूर, काश्मीर, नगीना येथल्या अनेक मुसलमान कारागिरांना हे सन्मान मिळाले आहेत. घरातल्या भिंतीवर राष्ट्रपतींबरोबरचा फोटो लावलेला असतो, पण म्हणून धाकटा मुलगा त्याच कामात राहील याची खात्री नसते. सहारनपूरच्या कारखान्यात नक्शा उतरवणारा वेगळा, जाळी कापणारा वेगळा, कोरणारा वेगळा, घासून पॉलिश करणारा वेगळा. मजुरी नगावर.

मुंबईत मटन स्ट्रीटवरच्या चोर बाजारात जुने शिसवी फर्निचर अजून मिळते. ज्याला पंचांनी नाक मुरडले होते तेच काम आता 'अँटिक' म्हणून चढ्या भावाने जाते. तिकडे जोगेश्वरी-ओशिवराच्या फर्निचर बाजारात उत्तर प्रदेशातून आलेली तरुण मुले खुर्चीच्या पाठीवर वेलबुट्टी कोरत बसलेली दिसतात. त्यांना विचारले तर ती गावाचे नाव आधी सांगतात, मग उस्तादाचे, आणि स्वतःचे सर्वांत शेवटी.