ॲक्युपंक्चर व्यवसायाचे विधिनियमन

ॲक्युपंक्चर व्यवसायाचे विधिनियमन : शरीरावरील विशिष्ट बिंदूंवर बारीक सुया टोचून उपचार करण्याच्या मूळ चिनी पद्धतीचा व्यवसाय कोणी व कोणत्या पात्रतेवर करावा, हे ठरविणारे नियम. सुयांच्या निर्जंतुकीकरणात हयगय झाल्यास यकृतशोथासारखे रक्तावाटे पसरणारे रोग उद्‌भवू शकतात. छातीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होते. म्हणून पद्धतीच्या परिणामकारकतेविषयी मतभेद असले, तरी ती वापरणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भारतातील या पद्धतीच्या प्रसाराचा संबंध राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकाशी आहे. त्यातील पाच डॉक्टरांपैकी द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांचा जन्म सोलापूरचा. घराणे मूळचे वेंगुर्ल्याचे (सिंधुदुर्ग जिल्हा). ते शस्त्रक्रियातज्ञ होते व चीनमध्येच निधन पावले. त्यांचे सहकारी विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि १९५९ च्या सुमारास कलकत्त्यात हे उपचार सुरू केले. लुधियाना येथील ॲक्युपंक्चर रुग्णालयास कोटणीस यांचेच नाव आहे.

व्यवसाय रूढ झाला, तरी त्याची वैधानिक नोंदवही दीर्घकाळ नव्हती. वैद्यकीय व्यवसाय हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत असल्याने संसद व राज्ये या दोहोंनाही त्यावर कायदे करता येतात. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निर्णयानंतर केंद्र शासनाने तज्ञांची समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात ॲक्युपंक्चरला पूर्ण चिकित्सापद्धती न मानता उपचारप्रकार मानण्यात आले आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक किंवा योग्य प्रशिक्षित व्यक्ती यांना ते करण्याची मुभा मिळाली. मात्र ‘योग्य प्रशिक्षण’ कोणते, हा प्रश्न अनिर्णित राहिला. अल्पमुदतीच्या वर्गाचे प्रमाणपत्र आणि दीर्घ अध्ययन यांतील भेद रुग्णाला कळणे त्यामुळे कठीण झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वैद्यकीय पदवी नसलेल्यांसाठी सु. २,५०० तासांचे, तर मर्यादित वापर करणाऱ्या डॉक्टरांसाठी किमान २०० तासांचे प्रशिक्षण सुचविले आहे.

ही उणीव दूर करण्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५’ संमत झाला. व्यावसायिकांची नोंदणी, शिक्षणसंस्थांची मान्यता व राज्य परिषदेची स्थापना ही त्याची प्रमुख अंगे होत. राज्यभर लागू असल्याने मालवण-वेंगुर्ल्यासारख्या किनारी गावांतील व्यावसायिकही त्याच्या कक्षेत येतात. केंद्र शासनाने २१ फेब्रुवारी २०१९ रोजी ॲक्युपंक्चरला स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली.

नोंदणीमुळे व्यावसायिकाच्या प्रशिक्षणाची व उत्तरदायित्वाची निश्चिती होते. विशिष्ट रोगावरील उपयुक्ततेचा निर्णय मात्र वैद्यकीय चाचण्यांवरच अवलंबून राहतो.