बांगड्याचा डोळा आणि माकुलाचा डोळा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बांगडाहि उतरतो आणि माकूलहि. बांगडा कण्याचा प्राणी. माकूल शिंपल्या-कालवांच्या कुळांतला, बिनकण्याचा. तरी दोघांच्या डोळ्यांत वाटोळें, पारदर्शक भिंग असतें. शिजलेल्या माशाच्या डोळ्यांतून जी पांढरी कठीण गोळी निघते, ती हें भिंगच. इतक्या दूरच्या दोन कुळांत एकच साधन कसें आलें, हें उलगडण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

आरंभ १९०१ सालीं जर्मनींत झाला. डोळ्याचा पडदा गर्भांतील एका पेल्यासारख्या भागापासून होतो. हान्स श्पेमान यांनीं बेडकाच्या गर्भांत त्या पेल्याचा अंकुरच नष्ट केला. तेव्हां वरची त्वचा शाबूत असूनहि तिच्यापासून भिंग झालें नाहीं. त्वचेला आंतून संदेश मिळावा लागतो, असें दिसलें. पुढें दुसऱ्या जातीच्या बेडकांत पेल्यावांचूनहि भिंग झालें. म्हणजे त्वचेची स्वतःची पूर्वतयारीहि असते.

ही तयारी कशाची, याचा धागा निराळ्याच ठिकाणीं होता. १९१५ सालीं अमेरिकेंत मिल्ड्रेड होग यांनीं डोळे नसलेल्या फळमाशीचें वर्णन केलें होतें. १९९१ सालीं बारीक डोळ्यांचे उंदीर आणि बुबुळाच्या रंगीत पडद्यावांचून जन्मलेलीं मुलें यांच्यांत ‘पॅक्स-६’ या एकाच जनुकाचा दोष आढळला. माशीचें जनुक त्याचेंच भावंड आहे, हें १९९४ सालीं बाझेल येथें वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेंत समजलें. पुढल्याच वर्षीं तेथें तें जनुक माशीच्या पंखांत व पायांत जागें केलें असतां तेथेंहि डोळे उगवले. उंदराच्या जनुकानेंहि तेंच केलें. मात्र डोळे माशीचेच झाले. १९९७ सालीं माकुलाच्या जनुकानेंहि तीच साक्ष दिली.

याचा अर्थ असा, कीं हें जनुक स्वतः भिंग घडवीत नाहीं. तें इतर जनुकांना हुकूम देतें. त्या हुकुमानें त्वचेच्या पेशी लांबट होतात आणि स्फटिकासारख्या स्वच्छ प्रथिनांनीं भरतात. माशाच्या भिंगांतील प्रथिनें मुख्यतः दोन घराण्यांचीं. माकुलाचीं मात्र विषारी द्रव्यें निकामी करणाऱ्या एका जुन्या विकरापासून आलेलीं. हुकूम सामाईक पूर्वजाचा, सामग्री ज्याच्या त्याच्या घरची.

मनुष्याच्या भिंगाच्या गाभ्यांतील प्रथिनें जन्मापूर्वीं एकदां भरलीं कीं आयुष्यभर बदललीं जात नाहींत. म्हातारपणचा मोतीबिंदू तेथूनच उद्भवतो. त्या प्रथिनांच्या जनुकांतच दोष असला, तर तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतहि तो दिसतो.